पहिला पंचनामा कुणी लिहायचा?

प्रति,
मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री तथा गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई



महाराष्ट्र पोलिसांनी एकच गोष्ट या राज्याला तीनदा ऐकवली आहे. जानेवारी २००३ मध्ये मुंबई पोलिसांनी सांगितलं, की घाटकोपर बॉम्बस्फोटातल्या एका संशयिताला औरंगाबादला नेत असताना पारनेरजवळ जीप उलटली आणि तो पळून गेला. एप्रिल २०१४ मध्ये वडाळा रेल्वे पोलिसांनी सांगितलं, की चोरीच्या संशयावरून पकडलेला पंचवीस वर्षांचा तरुण हातातून निसटला आणि पळताना लोकलखाली आला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलिसांनी सांगितलं, की लॉकअपमधला आरोपी फरार झाला.

पहिल्याचा मृतदेह आजवर मिळालेला नाही. त्याला कोठडीत पट्ट्यानं मारलं आणि तो रक्ताची उलटी करत होता, हे सहआरोपीनं न्यायालयात सांगितलं. पळून गेल्याची कथा खोटी आहे, हा निष्कर्ष आपल्याच सीआयडीचा. वडाळ्याचं प्रकरण उच्च न्यायालयानं सीबीआयकडे दिलं आणि पुढे पोलिसांवर खुनाचा आरोप ठेवायला सांगितलं. सांगलीच्या तरुणाचा देह आंबोली घाटात नेऊन जाळण्यात आला होता. नातेवाईक ठाण्याच्या दारातून हलले नाहीत आणि सोबत पकडलेला माणूस जिवंत होता, म्हणून ते उघड झालं. ही माणसं नसती तर ‘फरार’ ही नोंद आजही तशीच राहिली असती.

ही प्रकरणं वेगवेगळ्या सरकारांच्या काळातली आहेत, म्हणून हे पत्र मी खुर्चीला लिहितोय असं समजा. २००३ मध्ये त्या खुर्चीत दुसरा पक्ष होता. त्या प्रकरणातले निलंबित चार पोलीस जून २०२० मध्ये सेवेत परत घेतले गेले तेव्हा तिसरंच सरकार होतं. आज तिथे आपण आहात आणि आपण कायद्याचे पदवीधरही आहात, त्यामुळे काही गोष्टी कमी शब्दांत सांगता येतील.

परभणीपासून सुरुवात करतो. २००३ मधला तो संशयित, एक इंजिनिअर तरुण, मूळचा परभणीचाच. परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्टेशनसमोरच्या डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यापाशी ठेवलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, मग धरपकड. त्यात कायद्याचं शिक्षण घेणारा पस्तीस वर्षांचा एक तरुण होता. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि १५ डिसेंबरच्या सकाळी मृत्यू. तो दमेकरी होता, छातीत दुखू लागलं, असं सांगितलं गेलं. मृतदेह परभणीत न ठेवता छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयात नेला, कॅमेऱ्यासमोर पोस्टमॉर्टेम झालं आणि डॉक्टरांनी प्राथमिक अभिप्राय लिहिला: अनेक जखमांमुळे बसलेला धक्का.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आपण निवेदन केलंत, न्यायालयीन चौकशी जाहीर केलीत, एका अधिकाऱ्याला निलंबित केलंत. हे नाकारत नाही. पण त्याच निवेदनात आपण असंही म्हणालात, की दंडाधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा त्यानं मारहाणीची तक्रार केली नव्हती.

साहेब, रिमांडच्या वेळी हा प्रश्न कसा विचारला जातो ते आपल्याला ठाऊक आहे. आरोपी उभा असतो, शेजारी त्याचा दंड धरून शिपाई, मागे तपासी अंमलदार. “पोलिसांविरुद्ध काही तक्रार?” पुढच्या प्रकरणाची फाइल तोवर उघडलेली असते. आरोपीला माहीत असतं, की ‘हो’ म्हटलं तरी परतीची गाडी याच लोकांची आहे. रोजनाम्यात ‘तक्रार नाही’ असं उमटतं आणि तो माणूस मेला की हेच दोन शब्द पुरावा म्हणून सभागृहात वाचले जातात. जिवंतपणी ज्याला बोलायची सोय नव्हती, त्याच्या गप्प राहण्याला मेल्यावर साक्षीदार करायचं, हे गृहमंत्र्यांना शोभत नाही.

पुढचं सगळं न्यायालयाच्या नोंदीत आहे. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. तरीही गुन्हा नोंदवला गेला नाही. त्या तरुणाच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठानं आठवड्यात गुन्हा नोंदवा असं सांगितलं. त्या आदेशाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० जुलैला तिथून हात हलवत परत आलं. गुन्हा नोंदवू नये यासाठी सरकारी तिजोरीतून दिल्लीला वकील उभा करायचा, तोही एका आईविरुद्ध. हा निर्णय कुणाच्या सहीनं झाला हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

खंडपीठातल्या सुनावणीत आईच्या वकिलांनी एक मुद्दा मांडला होता, तो परभणीपुरता नाही. कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्यांनी स्वतंत्र चौकशी करावी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७६ मध्ये २००५ च्या दुरुस्तीनं आली आणि २००६ पासून लागू झाली. आता ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. पण चौकशी झाल्यावर अहवालाचं काय करायचं, हे ना जुन्या कायद्यात आहे ना नव्या. अहवाल येतो आणि पडून राहतो. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याच्याकडे वकील, पैसा आणि चिकाटी असेल तर तो उच्च न्यायालयात जातो, नाहीतर वर्षश्राद्ध घालतो. संसदेनं सोडलेली ही फट राज्याला बुजवता येते. दंडाधिकाऱ्यांचा अहवाल प्रथमदर्शनी पोलिसांविरुद्ध असेल तर इतक्या दिवसांत गुन्हा नोंदवलाच पाहिजे, एवढा आदेश आपल्या गृह विभागानं काढला तर त्याला कोण अडवणार आहे?

आता मूळ मुद्द्यावर येतो. कोठडीतल्या मृत्यूचं खरं प्रकरण पहिल्या काही तासांत घडतं. ठाणे दैनंदिनीत अटकेची वेळ कोणती लिहिली. अटक दाखवण्याआधी माणूस डीबीच्या (गुन्हे शोध पथकाच्या) खोलीत किती वेळ होता. कॅमेऱ्याचं चित्रण कुणी काढून घेतलं. इन्क्वेस्ट (मरणोत्तर) पंचनाम्यात अंगावरच्या खुणा ‘जुन्या’ लिहिल्या की ‘ताज्या’. पंच कोण होते. हे सगळं लिहितात तेच लोक, ज्यांच्यावर संशय घ्यायचा असतो. पुढे सीआयडी येते, सीबीआय येते, विशेष पथक येतं, पण त्यांच्या हाती पडतो तो हाच कागद. वरच्या तपास यंत्रणेचं नाव कितीही वजनदार असलं तरी खालच्या नोंदी खाडाखोड होऊनच येणार असतील, तर सात वर्षांनी न्यायालयात बचावाचा वकील त्याच नोंदी दाखवून शंकेचा फायदा मागणार आणि तो मिळणारही.

म्हणून मागणी ही आहे: मृत्यूची खबर मिळताच त्या ठाण्याचा ताबा, निदान कागदांचा आणि कॅमेऱ्यांचा ताबा, ठाण्याबाहेर गेला पाहिजे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं १९९३ मध्येच सांगून ठेवलंय, की असा मृत्यू चोवीस तासांत आयोगाला कळवायचा. पण कळवणं म्हणजे ताबा देणं नव्हे. चोवीस तासांत दैनंदिनीचं पान बदलता येतं. इन्क्वेस्ट न्यायदंडाधिकाऱ्यांनी स्वतः जागेवर जाऊन करावा, दैनंदिनी व हार्ड डिस्क त्यांनी तिथल्या तिथे सीलबंद करावी, पोस्टमॉर्टेम दुसऱ्या जिल्ह्यात व्हावं. परभणीच्या बाबतीत शेवटची गोष्ट झाली, म्हणूनच आज त्या प्रकरणाला हाडं आहेत. ‘व्हिसेरा राखून ठेवला, अंतिम अभिप्राय नंतर’ एवढ्या ओळीवर स्थानिक सिव्हिलमध्ये ते संपलं असतं, तर आई कशाच्या बळावर खंडपीठात उभी राहिली असती?

कॅमेऱ्यांबद्दल थोडं. सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० रोजी सांगितलं, की प्रत्येक ठाण्यात आत जाण्या-येण्याच्या दारांपासून लॉकअप, व्हरांडे आणि निरीक्षकांच्या खोलीपर्यंत आवाजासह चित्रण हवं आणि ते अठरा महिने, अगदीच जमलं नाही तर किमान वर्षभर जपलं पाहिजे. मुंबई उच्च न्यायालय तर वडाळा प्रकरणाच्या निमित्तानं २०१४ पासून ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांबद्दल बोलतंय. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हा विषय पुन्हा स्वतःहून हाती घ्यावा लागला, यावरून पाच वर्षांत देशात काय झालं ते समजतं. आपण चौकाचौकांत कॅमेरे बसवले, हेल्मेट नसलेला दुचाकीस्वार कुठल्या मिनिटाला कुठून गेला ते चलनावर छापून येतं. लॉकअपसमोरचा कॅमेरा मात्र नेमका त्याच रात्री बंद पडतो. माझी सूचना साधी आहे. कोठडीत मृत्यू झाला आणि त्या वेळचं चित्रण नसेल, तर ते नसण्याचा जाब ठाणेदाराला द्यावा लागेल, तांत्रिक बिघाडाला नाही.

यावर कुणी म्हणेल, पुराव्याचं ओझं असं उलट्या बाजूला टाकता येत नाही. महाराष्ट्रानं ते टाकलेलं आहे. मकोका हा आपला, या राज्यानं संघटित गुन्हेगारीविरुद्ध केलेला १९९९ चा कायदा. त्याच्या कलम २२ मध्ये ठरावीक परिस्थितीत आरोपीविरुद्धच गृहीत धरण्याची सोय आहे. कलम १८ मध्ये पोलीस अधीक्षकासमोरची कबुली पुरावा म्हणून चालते, जी देशाच्या सर्वसाधारण कायद्यात चालत नाही. राष्ट्रपतींची संमती घेऊन आपण हे केलं, न्यायालयातही ते टिकलं. कोठडीत असताना माणसाला इजा झाली तर ती ताब्यात ठेवणाऱ्यानं केली असं न्यायालयानं गृहीत धरावं, ही विधी आयोगाची ११३ व्या अहवालातली शिफारस १९८५ ची आहे. २०१७ च्या २७३ व्या अहवालात आयोगानं छळविरोधी कायद्याचा मसुदाही दिला. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं १९९७ मध्ये सही केली, मान्यता अजून दिलेली नाही. २०१० मध्ये लोकसभेनं विधेयक मंजूर केलं, ते राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेलं आणि लोकसभेसोबत संपलं. नवा साक्ष अधिनियम आला, त्यातही ती शिफारस नाही. दिल्ली चाळीस वर्षं हललेली नाही. पण टोळीवाल्यासाठी मुंबईनं दिल्लीची वाट पाहिली नव्हती.

उलट दिल्लीनं पोलिसांच्या हातातला वेळ सैल केलाय. जुन्या कायद्यात पोलीस कोठडीचे पंधरा दिवस पहिल्या पंधरा दिवसांतच वापरायचे, असा अर्थ लावला जाई. नव्या संहितेत तेच पंधरा दिवस गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यानं मागता येतात. तपासाला ते सोयीचं असेल. पण माणूस एकदा न्यायालयीन कोठडीत गेला की सुटला, ही घरच्यांची समजूत आता खरी राहिली नाही.

पोलिसांच्या बाजूनंही बोललं पाहिजे, कारण हे पत्र वाचून ते चिडतील आणि त्यांच्या चिडण्यात काही खरं असेल. मारणारा हात शिपायाचा असतो, ‘चोवीस तासांत डिटेक्शन पाहिजे’ हा आवाज वरून येतो. चोरी झाली की माल हस्तगत झाला पाहिजे आणि माल कसा मिळवायचा याचं उत्तर आपल्या पुराव्याच्या कायद्यातच आहे. पोलिसांसमोरची कबुली चालत नाही, पण त्या कबुलीवरून वस्तू मिळाली तर तेवढा भाग चालतो. म्हणजे आधी बोलतं करायचं, मग पंचांना बोलावून मेमोरंडम पंचनामा करायचा. कित्येक ठाण्यांत तपास म्हणजे एवढंच. बोटांचे ठसे, मोबाइलच्या नोंदी, कॅमेऱ्याचं चित्रण यांच्यावर उभा राहणारा तपास करायला ना वेळ आहे ना माणसं. बारा-बारा तास बंदोबस्त करून आलेल्या माणसाला आपण सांगतो, की उद्यापर्यंत चोर आण. हे बदलायचं तर पैसा लागेल आणि तो गृह विभागानंच मागायचा आहे. मात्र थकव्यानं माणूस चिडचिडा होतो, आंबोलीच्या घाटात प्रेत जाळायला जात नाही. तो फरक ठेवावाच लागेल.

आपलं खातं एक शब्द फार वापरतं: मनोधैर्य. पोलिसांवर गुन्हे दाखल झाले तर त्यांचं मनोधैर्य खचेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २००१ ते २०२० या वीस वर्षांच्या नोंदी पाहिल्या, तर पोलीस कोठडीतले मृत्यू १,८८८ आहेत, पोलिसांवर नोंदलेले गुन्हे ८९३, दोषारोपपत्र ३५८ पोलिसांवर आणि शिक्षा २६ जणांना. मनोधैर्य यात कुठे खचलं ते मला दिसत नाही. हे आकडेही पोलीस ठाण्यांतूनच वर गेलेले.

बदलापूरबद्दल लिहायला जड जातं, कारण तिथल्या शाळेत अत्याचार झालेल्या दोन लहान मुलींबद्दल कुणाचंही काळीज हलेल. आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, त्यानंतर मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक झळकले, पेढे वाटले गेले. ती तारीख होती २३ सप्टेंबर २०२४. बरोबर दहा वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात चकमकींबाबत नियम घालून दिले होते. गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्या, लगेच बढत्या-शौर्यपदकं देऊ नका. खटल्याच्या नावातच महाराष्ट्र आहे. तरी जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी स्वसंरक्षणाच्या दाव्यावर शंका घेऊन पाच पोलिसांना जबाबदार धरल्यावरही, एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाला गुन्हा नोंदवण्याचा आदेश द्यावा लागला. आणि त्या मुलींना काय मिळालं? तो माणूस दोषी ठरला असं आता कुठलंही न्यायालय कधीच लिहिणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालानं पोलीस तक्रार प्राधिकरण दिलं. आपल्या विधिमंडळानं २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून ते आणलंही. निवृत्त न्यायमूर्ती त्याचे प्रमुख असतात. खेड्यातल्या माणसाला हे नाव माहीत नाही, ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर तो फलक शोधावा लागतो, आणि घटनास्थळी आधी पोहोचून पुरावा ताब्यात घेणारी स्वतःची फौज त्याच्याकडे नाही. इंग्लंड-वेल्समध्ये पोलिसांच्या संपर्कात आलेल्या माणसाचा मृत्यू झाला, की तो स्वतंत्र कार्यालयाकडे सोपवणं बंधनकारक आहे. त्या कार्यालयाचा प्रमुख कधीही पोलीस सेवेत असलेला चालत नाही आणि त्याचे तपासनीस जागेवर जातात. तिथेही तक्रारी आहेत, तपास रेंगाळतो, शिक्षा क्वचित होते. पण पहिला कागद तरी दुसऱ्याच्या हातचा असतो. आपलं प्राधिकरण, त्याच्या हाताशी फॉरेन्सिक प्रयोगशाळेतून आणि न्यायसेवेतून घेतलेली वीस-तीस माणसं आणि विभागवार एक गाडी, एवढ्यानं सुरुवात होईल. सीआयडी प्रामाणिकही असते, २००३ च्या प्रकरणात ती होती. पण तिथला अधिकारी उद्या त्याच महासंचालकांच्या हाताखाली बदलीची वाट पाहणार असतो. तुरुंगही आपल्याच खात्याचा. म्हणजे पोलीस कोठडी की न्यायालयीन कोठडी हा वाद कागदावरचा, माणूस दोन्हीकडे गृह विभागाच्याच ताब्यात.

शेवटी मंजुरीचा प्रश्न, कारण तो सर्वस्वी आपल्या टेबलावरचा आहे. २००३ च्या त्या प्रकरणात सीआयडीनं चौदा पोलिसांची नावं दिली होती. सरकारनं खटल्याला मंजुरी दिली ती चौघांपुरती. उरलेल्या दहा जणांसाठी त्या इंजिनिअर तरुणाची आई न्यायालयाचे उंबरे झिजवत राहिली. न्यायालयानं वीस लाखांची भरपाई दिली, मंजुरी मिळाली नाही. तिच्या मुलाबरोबरचे आरोपी २००५ मध्येच निर्दोष सुटले होते.

येत्या अधिवेशनात दोन याद्या सभागृहाच्या पटलावर ठेवाव्यात, ही विनंती. पहिली, कोठडीतल्या मृत्यूंबाबत दंडाधिकाऱ्यांचे किती अहवाल गेल्या दहा वर्षांत गृह विभागाकडे आले, त्यातल्या कितींवर गुन्हा नोंदला, आणि न नोंदलेल्यांची कारणं. दुसरी, पोलिसांवर खटला चालवण्याच्या मंजुरीचे प्रलंबित प्रस्ताव, प्रत्येकासमोर तो कुठल्या तारखेला आला आणि सध्या कुठल्या टेबलावर आहे, हे लिहून. दोन्ही आपल्या कार्यालयात तयार होऊ शकतात, कुणाची परवानगी लागत नाही.

कळावे,
आपला,
राज्यातील एक नागरिक